बँकेला तुमचा पासवर्ड का ठाऊक नसतो?

बँकेच्या ॲपचा पासवर्ड विसरला की आपण 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर बोट ठेवतो. ओटीपी येतो, तो भरतो आणि ॲप सांगतं, नवा पासवर्ड तयार करा. जुना काय होता, ते मात्र सांगत नाही. शाखेत जाऊन विचारलं तरी मॅनेजरसाहेबांना सांगता येत नाही आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयातल्या माणसालाही नाही. आपली सही, फोटो, पॅन, आधार, खात्यातली पै न् पै, सगळं बँकेकडे असतं. मग पासवर्डच तेवढा का नसतो? आणि तो नसेल, तर आपण टाकलेला पासवर्ड बरोबर की चूक, हे बँक ओळखते कशी?

या कोड्याचं उत्तर कळलं की संगणकाच्या जगात माणसाची ओळख कशी राखली जाते आणि कुठे उघडी पडते, याची किल्लीच हाती लागते. ही किल्ली आज कुणाला हवी आहे, ते पाहायला पेण तालुक्यातल्या हमरापूरला जाऊ.

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेणच्या अलीकडे हमरापूर लागतं. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत आणि इथल्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत जातात. धंदा हाताचा असला तरी त्याच्या भोवतीचं कागदपत्र आता सगळं संगणकावर आहे. भांडवलासाठी बँकेचं कर्ज, उद्यम नोंदणी, जीएसटी, यूपीआयवर येणारी आगाऊ रक्कम, हंगामी कारागिरांची ओळखपत्रं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या १८ कारागिरींची यादी आहे, तिच्यात मूर्तिकारही आहे. तिची नोंदणी सेवा केंद्रात अंगठा लावून, आधारवरच होते. अशा कामांत ठिकठिकाणी एकच मागणी ऐकू येते, 'आधारची झेरॉक्स द्या.' त्या झेरॉक्सवर नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि बारा आकडे. समोरच्याला हवं असतं बहुतेक वेळा एवढंच, की समोर उभा असलेला माणूस तोच आहे ना. आपण देतो मात्र सगळं.

ओळख पटवणं आणि माहिती देऊन टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. संगणकशास्त्रानं गेल्या पन्नास वर्षांत ही दोन कामं एकमेकांपासून सोडवण्याच्या बऱ्याच युक्त्या शोधल्या आहेत. त्यातल्या काही आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत, पण वापरात नाहीत.

रंग मिसळता येतो, वेगळा काढता येत नाही

हमरापूरच्या कारखान्यात रंगकाम चालू असताना पाहिलं तर गणपतीच्या अंगाचा रंग वाटीत मिसळून तयार केलेला दिसतो. पांढरा इतका, पिवळा इतका, लाल जरासा. ठरलेल्या मापानं घेतला तर छटा दर वेळी तीच येते. माप किंचित चुकलं की छटा बदलते आणि तयार डोळ्याला ते लगेच कळतं. पण एकदा मिसळलेल्या वाटीतून पिवळा परत बाजूला काढून द्या म्हटलं, तर कुणालाच ते जमणार नाही. जायला वाट आहे, यायला नाही.

बँक आपल्या पासवर्डचं हेच करते. आपण पहिल्यांदा पासवर्ड ठरवला, त्या क्षणी संगणक त्यावर एक ठरलेली गणिती क्रिया करतो. अक्षरांचे आकडे होतात, ते फिरवले जातात, कापले जातात, एकमेकांत मिसळले जातात. शेवटी एक ठरावीक लांबीची, अर्थहीन दिसणारी अक्षर-आकड्यांची ओळ हाती येते. तिला 'हॅश' म्हणतात. सर्रास वापरात असलेल्या 'शा-२५६' या पद्धतीत ही ओळ नेहमी ६४ चिन्हांची असते, मग आत टाकलेला मजकूर एका अक्षराचा असो की सबंध पुस्तकाचा. एक अक्षर बदललं तरी सगळी ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते.

बँक साठवते ती ही ओळ. आपला पासवर्ड साठवत नाही. उद्या आपण पासवर्ड टाकला की तीच क्रिया पुन्हा होते आणि नवी ओळ जुन्या ओळीशी ताडून पाहिली जाते. छटा जुळली, दार उघडलं. म्हणून बँकेला पासवर्ड बरोबर की चूक हे कळतं, पण तो काय आहे हे कळत नाही. एखादं संकेतस्थळ 'पासवर्ड विसरलो' म्हटल्यावर तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा ईमेलवर पाठवत असेल, तर त्याचा अर्थ तो पासवर्ड मुळात असा मिसळून ठेवलेलाच नाही. अशा ठिकाणी दुसरीकडे वापरत असलेला पासवर्ड चुकूनही देऊ नये.

चोराला वेळ मिळाला तर

आता या कारखान्यात एक चोर शिरला असं समजा. त्याला वाटीतला रंग उलगडता येत नाही. पण इथे तीनच डबे आहेत आणि माप चमच्यानं घेतात, एवढं त्याला ठाऊक आहे. मग तो घरी जाऊन सगळी मापं एकेक करून मिसळून पाहील. एक चमचा पिवळा, दोन चमचे पिवळा, आणि कधीतरी तीच छटा येईल. उलट वाट नसली तरी सगळ्या सरळ वाटा चालून पाहता येतात. प्रश्न फक्त इतकाच उरतो, की वाटा किती आहेत?

इथेच बहुतेक संस्था फसतात. 'आम्ही तुमचा मोबाइल नंबर साठवत नाही, त्याचा फक्त हॅश साठवतो' हे वाक्य ऐकायला भक्कम वाटतं. हिशोब करून पाहू. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर मिळून ४०० कोटी. आजच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला १०० कोटी हॅश काढणं अवघड नाही. चार सेकंदांत देशातले सगळे शक्य नंबर तपासून होतात.

आधार बारा आकडी आहे, तेव्हा ते सुरक्षित असेल असं वाटतं. पण आधार क्रमांक ० किंवा १ नं सुरू होत नाही, आणि शेवटचा आकडा स्वतंत्र नसतो. तो आधीच्या अकरा आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा आहे. डच गणिती याकोबस व्हेरहूफ यानं १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीनं तो काढतात. क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर या शेवटच्या आकड्यामुळे चूक लगेच पकडली जाते. सोय उत्तम आहे, पण तिच्यामुळे शक्यता एक दशांशावर येतात. उरतात आठ हजार कोटी. त्याच यंत्राला ८० सेकंद.

हे कागदावरचं गणित नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या आदल्या वर्षीच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती खुली करण्यात आली. टॅक्सीचे आणि चालकांचे परवाना क्रमांक हॅश करून झाकले होते. पण असे क्रमांक मुळात थोडेच शक्य होते. एका अभियंत्यानं ते सगळे मिसळून पाहिले आणि काही तासांत कोणती टॅक्सी कुठे कुठे फिरली हे उघड झालं.

याला उपाय पुन्हा रंगाच्या वाटीतच आहे. प्रत्येक वाटीत, मिसळण्याआधी, वेगळा असा एक थेंब टाकायचा. म्हणजे दोन माणसांचा पासवर्ड एकच असला तरी छटा वेगळ्या येतात आणि एकदा करून ठेवलेला तक्ता चोराला सगळ्यांसाठी वापरता येत नाही. या थेंबाला संगणकाच्या भाषेत 'सॉल्ट', म्हणजे मीठच म्हणतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्सच्या पासवर्डांवर लिहिताना ही युक्ती समजावून दिली होती. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनच्या लाखो पासवर्डांचे हॅश चोरीला गेले, तेव्हा त्यात मीठ घातलेलंच नव्हतं. तेहतीस वर्षं जुनी, एका ओळीत सांगता येणारी गोष्ट इतक्या मोठ्या कंपनीनं केली नव्हती, हे मला आजही अक्षम्य वाटतं.

दुसरी युक्ती म्हणजे मिसळण्याची क्रिया मुद्दाम संथ करायची. बरोबर पासवर्ड टाकणाऱ्याला पाव सेकंद जास्त लागला तर काही बिघडत नाही, पण अब्जावधी पासवर्ड तपासू पाहणाऱ्या चोराची वर्षं जातात. मोबाइल किंवा आधारसारख्या थोड्या शक्यतांच्या आकड्यांना मात्र मीठही पुरत नाही, कारण ते हॅशच्या शेजारीच साठवलेलं असतं आणि चोरीत दोन्ही एकत्र जातं. तिथे एक गुप्त किल्ली मिसळावी लागते, आणि ती वेगळ्या, कुलूपबंद यंत्रात ठेवावी लागते.

टेंभलीपासून सुरू झालेली गोष्ट

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हा प्रत्येकाला जन्मभर एक क्रमांक, एवढीच कल्पना लोकांपुढे होती. जन्मभर टिकणारा आणि सगळीकडे चालणारा क्रमांक सोयीचा असतो, आणि त्याच कारणानं धोक्याचाही. बँक, सिमकार्ड, गॅस, दवाखाना, सगळ्यांच्या याद्यांत तोच आकडा असेल, तर त्या याद्या कुणी एकमेकांशेजारी ठेवल्या की माणसाचं अख्खं आयुष्य एका ओळीत मांडलं जातं. एकही कुलूप फोडावं लागत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमतानं दिला. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये आधार प्राधिकरणानं दोन गोष्टी जाहीर केल्या. सामान्य माणसाला त्यांची जितकी माहिती हवी होती तितकी आजही झालेली नाही.

पहिली, व्हर्च्युअल आयडी. हा १६ आकडी तात्पुरता क्रमांक. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपण तो स्वतः तयार करायचा आणि पडताळणीसाठी आधारच्या जागी द्यायचा. नवा तयार केला की जुना रद्द होतो. या १६ आकड्यांवरून मूळ बारा आकडे काढता येत नाहीत, कारण त्यांचं नातं फक्त प्राधिकरणाच्या नोंदवहीत असतं.

दुसरी, टोकन. आपण अंगठा लावला की प्राधिकरण पडताळणी करणाऱ्या संस्थेला ७२ चिन्हांचं एक टोकन देतं. त्या संस्थेसाठी ते नेहमी तेच राहतं, त्यामुळे एकाच माणसाची दोन खाती झाली तर तिला कळतं. दुसऱ्या संस्थेला मात्र त्याच माणसाचं वेगळं टोकन जातं. दोन संस्थांनी आपापल्या याद्या शेजारी ठेवल्या, तरी टोकनांवरून त्यांना काहीच जुळवता येत नाही. मला स्वतःला आधारच्या सगळ्या रचनेत ही कल्पना सर्वांत मोलाची वाटते.

कार्डांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं हेच १ ऑक्टोबर २०२२ पासून बंधनकारक केलं. ऑनलाइन दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही. त्या दुकानापुरतं चालणारं टोकनच ठेवता येतं. दुकानाचा संगणक फुटला तरी चोराच्या हाती इतरत्र निरुपयोगी आकडे येतात.

दिल्लीला न विचारता पडताळणी

टोकनानं एक प्रश्न सुटतो, दुसरा राहतो. दर वेळी अंगठा लावला की मध्यवर्ती संगणकाला विचारणा जाते. म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या संस्थेकडे आपण ओळख पटवली, याची नोंद तिथे होते. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवू नयेत असं बजावलं, ते याच काळजीपोटी.

मध्यवर्ती संगणकाला अजिबात न विचारता ओळख पटवता येते का? येते, डिजिटल सहीनं. तिच्यात दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, ती फक्त सही करणाऱ्याकडे. दुसरी जाहीर, ती कुणालाही मिळते. प्राधिकरण आपल्या माहितीचा हॅश काढतं आणि गुप्त किल्लीनं त्यावर गणिती क्रिया करून 'सही' तयार करतं. तपासणारा त्याच माहितीचा हॅश स्वतः पुन्हा काढतो आणि सही जाहीर किल्लीतून चालवून तो जुळतो का पाहतो. कुणी पत्त्यात एक अक्षर जरी बदललं, तरी हॅश बदलतो आणि सही खोटी ठरते. जाहीर किल्लीनं सही तपासता येते, करता येत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधलेली आरएसए पद्धत या कल्पनेची सर्वांत प्रसिद्ध रीत.

आधारपत्रावरचा चौकोनी क्यूआर कोड अशाच सहीचा असतो. तो तपासायला इंटरनेटही लागत नाही. तपासणी झाली हे दिल्लीला कळतही नाही. आधारची 'ऑफलाइन ई-केवायसी' नावाची फाइलही याच तत्त्वावर आहे. ती आपण स्वतः उतरवून घ्यायची, तिला आपणच चार आकडी संकेत द्यायचा. तिच्यात पूर्ण आधार क्रमांक नसतो, शेवटचे चार आकडेच असतात. मोबाइल नंबर उघडा नसतो, आपण दिलेला संकेत मिसळून काढलेला त्याचा हॅश असतो. वर सांगितलेला रंगाच्या वाटीतला थेंब इथे प्रत्यक्ष टाकलेला दिसतो.

साध्या झेरॉक्सशी तुलना करा. झेरॉक्सवर सगळं उघडं असतं आणि तिचा खरेपणा मात्र काहीच नसतो. फोटो बदलून दुसरी झेरॉक्स काढायला पाच मिनिटं पुरतात. जास्त देऊन कमी सिद्ध करणारा हा कागद आपण अजून का वाटत फिरतो, याचं उत्तर सवय हेच आहे. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळूरु कार्यालयानं झेरॉक्स सरसकट देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं 'झाकलेलं आधार' द्या, असं पत्रक काढलं होतं. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. सल्ला मात्र चुकीचा नव्हता.

याच्याही पुढची पायरी म्हणजे 'शून्य-ज्ञान सिद्धता'. शफी गोल्डवॉसर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये ती मांडली. माझं वय अठराच्या वर आहे एवढंच सिद्ध करायचं, जन्मतारीख, नाव, काहीच दाखवायचं नाही. गणितानं हे खरोखर शक्य आहे, आणि आधारच्या सहीवर ते चालवून दाखवणारी मुक्त प्रणालीही तयार झालेली आहे. २०२५ मध्ये आलेल्या नव्या आधार ॲपमध्ये वेगळ्या मार्गानं का होईना, निवडक माहितीच दाखवण्याची सोय आहे.

अंगठा बदलता येत नाही

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, व्हर्च्युअल आयडी रद्द करता येतो. बोटाचा ठसा जन्मभर तोच. आणि तो आपण कागदोपत्री उमटवत आलो आहोत. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवून आधारजोड खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं पोलिसांनी उघड केली आहेत. रबरी साच्यात पापण्यांची रेघसुद्धा उतरते हे रोज पाहणाऱ्या हमरापूरकरांना यात किती कमी कौशल्य लागतं हे सांगायला नको. २०२३ पासून प्राधिकरणानं बोट जिवंत माणसाचं आहे का हे तपासणारी व्यवस्था आणली आहे. पण सगळ्यात खात्रीचा उपाय आपल्या हाती आहे. ॲपवरून बायोमेट्रिक कुलूप लावायचं, गरज पडेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं.

कष्टाची कामं करणाऱ्यांची दुसरी अडचणही सांगायला हवी. पॉलिश पेपर, प्लास्टर, सिमेंट यांत वर्षानुवर्षं काम करून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र खऱ्या माणसालाच नाकारतं. ओळख राखण्याची व्यवस्था अशी हवी की खऱ्या माणसाला ती बाहेर ठेवणार नाही. चेहरा, डोळ्यांची बुबुळं, ओटीपी हे पर्याय आहेत, आणि ते मागण्याचा कारागिराला हक्क आहे.

नाव खोडलं म्हणजे माणूस लपला?

आतापर्यंत एकेका माणसाची गोष्ट झाली. सरकारला, संशोधकाला, बँकेला पुष्कळदा गावाची माहिती हवी असते, माणसाची नको असते. मग नावं खोडून यादी दिली तर चालेल?

चालत नाही. लटान्या स्वीनी या संशोधिकेनं १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिलं की पोस्टाचा पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकटी उरतात. त्याआधी तिनं नावं काढून दिलेल्या वैद्यकीय नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली होती. आपल्याकडे हिशोब करून पाहू. ऐंशी वर्षांच्या पट्ट्यात सुमारे २९ हजार जन्मतारखा येतात, स्त्री-पुरुष धरून ५८ हजार खण. पाच हजार वस्तीचं गाव धरलं आणि माणसं त्यात सारखी विखुरली असं मानलं, तर दहातली नऊ माणसं आपापल्या खणात एकटीच सापडतील. त्यात 'व्यवसाय: मूर्तिकार' एवढं जोडलं की गावातलं शाळकरी पोरही नाव सांगेल. मोठ्या शहरात गर्दी आपोआप आडोसा देते. हमरापूरसारख्या गावाला तो आडोसा गणितानं द्यावा लागतो.

तो कसा देतात? सर्वांत सुंदर रीत १९६५ ची आहे, स्टॅन्ली वॉर्नर या संशोधकाची. मूर्तिकारांपैकी किती जणांनी सावकाराकडून कर्ज घेतलं आहे, हे समजा शोधायचं आहे. खरं कोण सांगेल? मूळ रीतीचं एक सोपं रूप असं. प्रत्येकाला एक नाणं द्यायचं. त्यानं आडोशाला जाऊन ते उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं. काटा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. आता कुणी 'हो' म्हणालं, तर ते कर्जामुळे की काट्यामुळे, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. पण गावाचं चित्र स्पष्ट दिसतं. चारशे जणांना विचारलं आणि २६० 'हो' आले असं धरा. सुमारे २०० काट्याचे. उरलेल्या २०० खऱ्या उत्तरांत ६० 'हो', म्हणजे साधारण तीस टक्के. एकाचंही गुपित न घेता गावाचं दुखणं कळलं.

सिंथिया ड्वर्क आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या विचाराला काटेकोर गणिताचं रूप दिलं. मोजणीत नेमका किती गोंधळ मिसळला म्हणजे एका माणसाची नोंद असली-नसली तरी उत्तर जवळजवळ तेच राहील, हे त्या गणितानं ठरतं. अमेरिकेनं २०२० च्या जनगणनेचे आकडे याच रीतीनं प्रसिद्ध केले. आपली पुढची जनगणना मोबाइलवरून, डिजिटल रीतीनं होणार आहे आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे. १९४८ चा जनगणना कायदा व्यक्तीची नोंद गुप्त ठेवण्याची हमी देतो. गाववार आकडे प्रसिद्ध करताना त्या हमीला असं गणिती पाठबळ द्यावं, अशी मागणी आपण आत्ताच करायला हवी.

मजकूर बंद, पाकीट उघडं

व्हॉट्सॲपवर २०१६ पासून संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. मूर्तीचा फोटो, भाव, घासाघीस, हे वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोणी कोणाला, कधी, कितीदा संदेश पाठवला, हे त्या कुलपात येत नाही. हंगामाच्या आधी कोणत्या कारखान्याचं कोणत्या व्यापाऱ्याशी बोलणं वाढलं, एवढं कळलं तरी धंद्याचं बरंच काही कळतं. ही 'पाकिटावरची' माहिती झाकण्यासाठी डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये संदेश अनेक टप्प्यांतून फिरवण्याची कल्पना मांडली. टॉर हे जाळं त्याच वंशातलं. त्यात संदेश तीन ठिकाणांहून जातो आणि कुणा एकाला दोन्ही टोकं दिसत नाहीत. पत्रकारांना, छळ सोसणाऱ्यांना ते फार उपयोगी आहे. रोजच्या व्यवहाराला त्याची गरज क्वचितच पडते.

चौकट: 'आधार द्या' म्हटलं तर काय द्यावं?

• लॉज, भाड्याची खोली, कुरिअर: झाकलेलं आधार. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं.
• ऑनलाइन पडताळणी: बारा आकड्यांच्या जागी १६ आकडी व्हर्च्युअल आयडी.
• खरेपणाची खात्री हवी असेल तर: क्यूआर कोड त्यांच्या ॲपवर तपासायला सांगा, कागद परत घ्या.
• अंगठा रोज लागत नसेल तर: बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवा.
• झेरॉक्स द्यावीच लागली तर: तिच्यावर आडवं लिहा, कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली.
• आधारविषयी मदत: १९४७. पैसे गेले तर लगेच: १९३०.

घेणाऱ्याची जबाबदारी

इतका वेळ देणाऱ्याविषयी बोललो. पण कारखानदार स्वतः घेणाराही असतो. हंगामी कारागिरांच्या आधारचे फोटो मालकाच्या मोबाइलच्या गॅलरीत पडलेले असतात. गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते हिशोबाच्या वहीत, तिचे फोटो टेम्पोवाल्याच्या ग्रुपवर. फोन दुरुस्तीला गेला की हे सगळं अनोळखी हातात जातं. वर सांगितलेल्या युक्त्यांतली एकही यातलं काही वाचवू शकत नाही, कारण तिथे गणिताला कामच दिलेलं नसतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभा असा आहे, की माहिती ज्या कामासाठी घेतली तेवढ्यासाठीच वापरायची आणि काम संपलं की पुसायची. हॅश, टोकन, सही यांना जे गणितानं साधायचं आहे, तेच इथे माणसानं करायचं आहे. तेव्हा यंदा विसर्जन आटोपलं, हिशोब मिटले, कारागीर आपापल्या गावी गेले, की मोबाइलची गॅलरी उघडा आणि कामाला न लागणारे आधारचे सगळे फोटो पुसून टाका. ग्रुपवर टाकलेलेही काढा. पुढच्या हंगामात कारागीर कामावर येईल, तेव्हा त्याचा क्यूआर कोड तपासा, नाव वहीत लिहा आणि कार्ड त्याच्या हाती परत द्या.